पुढच्या सीटवरची हळद

"बेटी, सामने की सीट पे कव्हर नक्को चढाओ," हैदराबादचे चाचा म्हणाले होते. "सीट के अंदर सेन्सर है. कौन बैठा सो पहचानता. और बच्ची को पिच्छे बिठाना, समझे?"

मी "हाँ चाचा, हाँ" म्हणाले. समजलं काहीच नव्हतं. त्या घटकेला आमची तीन वर्षांची पुजा त्यांच्या मोगऱ्याच्या कुंडीत उलटी करत होती, आणि माझा सगळा जीव त्या कुंडीत होता. कळमनुरीहून हैदराबादपर्यंतचा प्रवास, त्यात वाटेत आजोबांनी प्रेमानं भरवलेली मिरचीची भजी. अशा वेळी कुणी सीटबद्दल काही सांगायला लागलं तर माणूस मान हलवतो. तुम्हीही हलवली असती.

चाचा रिटायर्ड इंजिनीअर. मुलाकडं परदेशात कायमचे चालले होते म्हणून गाडी विकत होते. गाडी परदेशी बनावटीची, चंदेरी, लांबलचक. आम्ही खरं तर साधी, आपल्या रस्त्यांना ओळखणारी गाडी बघायला निघालो होतो. पण माझे सासरे, म्हणजे मामंजी, सटवाजीराव, त्या गाडीत एकदा बसले आणि उतरेचनात. तिथंच व्यवहार झाला. गाडी मामंजींच्या नावावर, चालवणार आमचे हे, आणि काळजी करणार मी, अशी कामाची वाटणी कुणी न बोलता होऊन गेली.

काळजी करण्यात मी मूळचीच हुशार आहे. गॅसचं बटण बंद केलं का हे बघायला मी गल्लीच्या टोकावरून परत येते. पुजाच्या दुधात बोट घालून बघते, मग कोपर लावून बघते, मग यांना पाजून बघते. बी.एस्सी. झालेय, फिजिक्स घेऊन. घरात या पदवीचा उपयोग आजवर एकच झाला होता, इन्व्हर्टरमध्ये पाणी ओतणे. म्हणून पुढं जे घडलं त्यात मला आधी कळलं आणि माझं सगळ्यात शेवटी ऐकलं गेलं, याचं मला नवल नाही. राग आहे.

गाडी दारात आली तशी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाई शालूबाईंनी, भाकरतुकडा ओवाळला. चाकाखाली लिंबू झालं, नारळ झाला. मग रणजीतला बोलावणं गेलं. नांदेड रोडला रणजीतचं दुकान आहे. तो गाड्या दुरुस्तही करतो आणि नटवतोही, आणि यातलं आपण नेमकं काय करतोय हे त्याला स्वतःला दरवेळी ठाऊक असतं असं नाही. त्यानं सगळ्या सीटांवर मरून मखमल चढवली. खाली दोन बोटं स्पंज, कडेला सोनेरी गोंडे. आतून ती गाडी कमी आणि बँडवाल्याचा सदरा जास्त दिसायला लागली.

राहिला देव. आत्याबाईंनी औंढ्याहून पितळेचा नंदी आणला होता. मूठभर आकाराचा, पण वजनदार, शिंगं चांगली टोकदार. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला, पुढं बसणाऱ्याच्या बरोबर समोर, एक सपाट चौकोनी झाकण होतं. त्यावर इंग्रजी अक्षरं उमटवलेली.

"बघा काकू, कंपनीनंच देवाला जागा सोडली," रणजीत म्हणाला.

टाकीची गळती बुजवायचा जो मसाला असतो, तो कालवून त्यानं नंदी त्या झाकणावर बसवला. हलवून बघितला. "आता गाडी मोडंल, पण नंदी हालायचा न्हाई."

ते झाकण एअरबॅगचं होतं.

आता पुढच्या सीटचा मान कुणाचा, हे काही मी सांगायला नको. मामंजी पुढं, त्यांच्या मांडीवर पुजा, आणि मागं आत्याबाई, मी, पाण्याचा कॅन, छत्र्या, पुजाचा डबा आणि कुणाचं तरी पोहोचवायचं असलेलं सामान. पहिल्याच रविवारी आखाडा बाळापूरच्या बाजारला निघालो. वाटेत मामंजी पानाला उतरले. पुजा पुढं एकटी राहिली, आणि समोर एक पिवळा दिवा लागला. एका माणसासमोर फुगा, आणि त्या फुग्यावर काट, असं चित्र.

यांचा चेहरा पडला. "गेली. आठ दिवसांत गेली गाडी."

मामंजी येऊन बसले, दिवा विझला. उतरले, लागला. तीनदा चढ-उतार झाली, पानाचा रंग सदऱ्यावर आला, आणि गाडी तशीच वळवून रणजीतच्या दारात नेली. रणजीतनं पुजाला सीटवर बसवलं, उतरवलं, पुन्हा बसवलं. कपाळाला ग्रीस लावून घेतलं. मग निदान सांगितलं.

"गाडीला वजन कमी पडून राहिलं, काका. विदेशी गाडी हाय. तिला भरल्या सीटची सवय."

"मग?"

"पोरीखाली कायतरी जड ठिवा."

आत्याबाईंनी घरून हळकुंडांची पोत्याची पिशवी आणली. आमच्या शेतातली, चांगली ठासून भरलेली. ती सीटवर, तिच्यावर पुजा. दिवा विझला. पोरीला उंची मिळाली, तिला समोरचा रस्ता दिसायला लागला, नंदीच्या शिंगांना हात पोचायला लागला. ती टाळ्या पिटायला लागली. मामंजी रणजीतला म्हणाले, "डोकं हाय गड्या तुला." घरादाराला इतका आनंद झालेला मी माझ्या लग्नातही बघितला नव्हता.

मला मात्र त्या चित्रातली काट टोचत होती. फुग्यावर काट म्हणजे फुगा बंद. मग फुगा बंद असल्याचं गाडी आवर्जून का सांगते? मी हैदराबादला फोन लावला. चाचांचं सामान बांधणं चालू होतं, तरी त्यांनी नीट समजावलं. त्यांच्या हिंदीतलं मी माझ्या मराठीत सांगते. झाकणामागं एक पिशवी घडी घालून ठेवलेली असते. गाडी आदळली की पापणी लवायच्या आत ती फुगून बाहेर येते. ती बेतलेली असते मोठ्या माणसाच्या छातीसाठी. तिच्या वाटेत लेकराचं डोकं आलं तर वाचवायला आलेली वस्तूच जीव घेऊ शकते. म्हणून सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर. हलकं माणूस बसलं की तो फुगा बंद ठेवतो आणि तसं दिवा लावून सांगतो. जड बसलं की फुगा तयार, दिवा बंद.

"और गोद में बच्ची?" मी विचारलं.

"गोद में तो दोनों का वजन मिल जाता ना, बेटी. सेन्सर समझता, एक मोटा आदमी बैठा."

फोन ठेवून मी हिशेब केला. दिवा लागला की लेकराला धोका कमी, आणि विझला की जास्त. आणि आमच्या घरानं दिवा विझवण्यासाठी पोरीखाली हळकुंडं रचली होती. दारूगोळ्यासमोर बसवायचं, वर नीट दिसावं म्हणून उंच बसवायचं, आणि गोळ्याच्या तोंडाशी पितळेचा बैल चिकटवायचा. हे सगळं प्रेमानं.

संध्याकाळी मी सगळ्यांना बसवून सांगितलं. कागदावर चित्र काढलं. बाण दाखवले.

मामंजींनी चित्र उलटं धरून बघितलं. "सीटला काय डोळे हायेत? कोण बसलं हे तिला काहून कळंल?"

"डोळे नाहीत मामंजी, वजन कळतं. आपल्या आडतीच्या काट्यासारखं."

"काटा खोटा असतो."

"म्हणून तर म्हणते, पुजा मागं बसू दे."

"मी धरतो ना तिला. हे हात बघ. पोळ्याला दोन बैल आवरतो मी."

मी फिजिक्स सांगायला लागले. की धडकेच्या वेळी लेकराचं वजन हातांना पोत्याएवढं लागतं, कितीही जोर असला तरी निसटतं. वाक्य पुरं व्हायच्या आत मामंजी उठले. आत्याबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "सून म्हणती, आजाच्या हातून नात निसटंल." माझ्या फिजिक्सचा घरात हा असा अनुवाद झाला. रात्रीच्या जेवणाला मामंजींनी भाजी मागितली नाही, आणि दोषी फिजिक्स ठरलं.

यांनी मला बाजूला घेऊन सल्ला दिला. "प्रत्यक्ष दाखव. बघितल्याशिवाय बाबांना पटत नाही."

ही यांची कल्पना होती, हे मी इथं लिहून ठेवते, कारण नंतर ती माझी झाली.

रविवारी सकाळी अंगणात गाडी लावली. मला फक्त मामंजींना दाखवायचं होतं. पण शेजारच्या चतुराबाई धुणं टाकून आल्या. त्यांच्यामागं त्यांची जाऊ, जावेमागं तिची पोरं, पोरांमागं गल्ली. मी पुजाला सीटवर बसवलं. दिवा लागला. पुजाला उतरवून चतुराबाईंना बसवलं. विझला.

"म्हंजी मी पास?" चतुराबाईंनी विचारलं.

"पास-नापास नाही हो. तुम्ही मोठं माणूस आहात, एवढंच."

"हे गाडीला कळलं, मह्या सुनेला कवा कळणार?"

मग रांग लागली. जो बसेल त्याला गल्ली विचारी, "माणूस का लेकरू?" आणि दिवा बघून निकाल लागे. कुणी खिशात दगड घालून बसलं. एका नववीतल्या पोरानं श्वास कोंडून वजन वाढवायचा प्रयत्न केला. माझं शास्त्र जत्रेतल्या वजनकाट्यावर आलं होतं, फक्त तिकीट आणि नशीब छापून येत नव्हतं. मामंजी लांब ओट्यावर बसून पेपर वाचत होते, म्हणजे पेपरच्या वरून बघत होते.

नेमके त्याच वेळी सोनाजी सर रस्त्यानं जात होते. सोनाजी सर म्हणजे यांच्या शाळेचे मुख्याध्यापक. करारी माणूस, पण देहानं काडी. सदरा खुंटीवर असावा तसा त्यांच्या अंगावर असतो. गल्लीनं त्यांना आग्रह केला. मी नको म्हणत होते, यांनी डोळ्यानं मला दाबलं. सर बसले, ताठ, शाळेचा फोटो काढायला बसतात तसे.

दिवा लागला.

सर थोडे हलले. दिवा विझायला आला, पुन्हा नीट लागला. मागून एक चिमुकला आवाज आला, "लेकरू." आणि गल्ली फुटली. ओट्यावर पेपर थरथरत होता.

"सर, ते मखमलीचं कव्हर आहे ना, जाड, त्यामुळं वजन नीट पोचत नाही," मी धावत म्हणाले. हे खरंही होतं. चाचा त्यासाठीच कव्हर नको म्हणाले होते. पण खरं सांगायला एक वेळ असते आणि ती नुकतीच गेली होती.

सर उतरले. टोपी नीट केली. यांना म्हणाले, "शिवशंकर, उद्या भेटा."

दुसऱ्या दिवशी यांना शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचं काम लागलं. एकट्याला. वीटभट्ट्या, ऊसतोडीच्या कोप्या, माळावरची पालं, जिथं जिथं शाळेत न जाणारं लेकरू सापडेल तिथं जाऊन त्याचं नाव लिहून आणायचं. हे उन्हानं काळे पडून घरी यायचे आणि पायताण काढता काढता म्हणायचे, "दाखवलंस प्रत्यक्ष?"

मामंजींना मात्र प्रात्यक्षिकातून पक्का निष्कर्ष मिळाला होता. "एवढ्या शिकल्या माणसाला लेकरू म्हणती ती गाडी. तिच्या दिव्यावर इस्वास ठिवायचा व्हय?"

मी ठरवलं, आता वाद नको, काम. नांदेडला त्या गाड्यांचं सर्व्हिस सेंटर होतं. यांना सर्वेक्षणातून एक दिवस सोडवलं आणि गाडी तिथं नेली. मागण्या साध्या. पुढच्या सीटचं कव्हर काढा, सेन्सर तपासा, झाकणावरचा नंदी उतरवा. काउंटरवरच्या टाय लावलेल्या मुलानं सगळं टाइप केलं आणि यांच्याकडं बघून विचारलं, "सर, गाडी कुणाच्या नावावर?"

"वडिलांच्या," हे म्हणाले.

"एअरबॅगचं काम आहे. मालकांची सही लागेल."

"मी त्यांची सून," मी म्हणाले.

"सुनेचं चालत नाही, मॅडम."

"मुलाचं?"

"मुलाचंही नाही."

"आणि तुमच्या सीटमध्ये मालक कळायचा सेन्सर नाही का?"

तो हसला नाही. नियम आहे, म्हणाला. नियम चांगलाच असणार. पण माझ्या पोरीच्या डोक्यासमोरचं शिंग काढायला ज्याची सही हवी होती, शिंग काढू न देणाराही तोच होता. आम्ही गाडी फुकट धुऊन घेतली आणि परत आलो. मामंजींपुढं कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, आणि "देव काढायच्या कागदावर मी सही करू?" एवढं म्हणून चष्मा काढला.

मग मी साधा उपाय केला. पुजाला मागच्या सीटवर माझ्या बाजूला बसवायची, मागचा पट्टा तिला लावायची, आणि वर हात ठेवायची. ती पुढं जायला रडायची, मी सोडायची नाही. आत्याबाई तोंड फिरवून बसायच्या. चतुराबाईंनी गल्लीत सांगितलं की पुनमनं लेकराला गाडीत खुंट्याला बांधल्यासारखं बांधलंय, आणि आजाला नात शिवू देत नाही. बाजारात अनोळखी बायका मला विचारायच्या, "तुमीच का त्या, पट्टावाल्या?" हे ऐकून घेत होते. मीही ऐकून घेत होते. पण बायांनो, प्रत्येक वेळी ती मागं रडायची तेव्हा एक क्षण मलाही वाटायचं की जाऊ दे, बसू दे एकदा पुढं, एवढं काय होणार आहे. हा क्षण फार वाईट असतो. सगळं जग तुमच्या कानात तोच क्षण ओतत असतं.

माघात मामंजींच्या भाचीचं, शितलचं, लग्न निघालं. लग्न बाळापूरला. नवरीची हळद आमच्या घरून जायची होती, मामाच्या शेतातली, घरी दळलेली, पिवळीधमक. निघायच्या वेळी पुजानं आजोबांचं धोतर धरलं.

"पोरगी मह्याजवळ दे आज," मामंजी म्हणाले. पाहुणे बघत होते. "लग्नघरी जायचंय. रडवत नेऊ नको."

"मागं बसूनही ती लग्नघरीच जाईल, मामंजी."

"पुनम." हे माझ्या कोपराला धरून म्हणाले. नुसतं नाव. नवऱ्यानं चारचौघांत नुसतं नाव घेतलं की पुढची चार वाक्यं ऐकू येतात.

मी कोपर सोडवून घेतलं आणि पुजाला मागं पट्ट्यात बसवलं. ती किंचाळत होती. मामंजींनी बघितलं, पुढचं दार धाडकन लावलं, आणि म्हणाले, "मग मी काळीपिवळीनं येतो. ज्या गाडीत मला नातीला धरता येत न्हाई, ती गाडी तुमाला लखलाभ." आणि टोपी सावरत स्टँडकडं चालू लागले. पाठमोरे. मला आजही ती पाठ आठवते, पण त्या दिवशी मी हाक मारली नाही.

पुढची सीट रिकामी झाली. आत्याबाई हळदीची पिशवी डिकीत ठेवायला तयार नव्हत्या. डिकीत स्टेपनी होती, चपलांची पिशवी होती. नवरीची हळद पायाच्या वस्तूंसोबत जात नाही. म्हणून हळद मानानं पुढच्या सीटवर बसली. तिच्यावर ओटीचे नारळ, तांदूळ, खोबऱ्याच्या वाट्या. दिवा विझला. गाडीच्या हिशेबानं एक भरलेलं माणूस पुढं बसलं होतं.

बाळापूरच्या अलीकडं वळणावर उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नाही, फांदी नाही. खड्ड्यात गाडी हादरली की सीटवरचा ऐवज उसळायचा आणि पिवळा दिवा लुकलुकायचा. यांचं लक्ष त्या लुकलुकीकडं गेलं.

आवाज एकच झाला, पण दोन होते. एक धडकेचा, एक आतला. मला आठवतो तो पांढरा भपका, मग पिवळा. सगळं जग पिवळं. डोळे, नाक, तोंड, सगळ्यात हळद. मी पुजाला चाचपत होते. ती पट्ट्यात होती. खोकत होती. खोकणारं लेकरू जिवंत असतं, हे मी त्या क्षणी शिकले. आत्याबाई मोठ्यानं देवाची नावं घेत होत्या, म्हणजे त्याही धड होत्या. यांच्यासमोरचा फुगा बसत चालला होता, चष्मा वाकला होता, नाकातून रक्त येत होतं, आणि हे "दिवा विझला का?" असं विचारत होते.

शेतातली माणसं धावत आली. दारं उघडली, तर आतून चार पिवळे पुतळे निघाले. एक आजीबाई थबकल्या आणि कुजबुजल्या, "हळद हितंच लावली का काय यांनी?" कुणी घागर आणली. कुणी विचारलं नवरी कोणती. नवरी नव्हती, मी होते. तोंड धुता धुता मी मागं वळून पुढच्या सीटकडं बघितलं.

हळदीची पिशवी फाटून चिंध्या झाली होती. नारळ फुटलेले. झाकण उखडून गेलं होतं. आणि नंदी सीटच्या डोकं टेकायच्या उशीत होता. दोन्ही शिंगं आत. पुजा आजोबांच्या मांडीवर असती तर तिचं कपाळ जिथं आलं असतं, तिथं.

तेवढ्यात मागून काळीपिवळी आली. मामंजी उतरले. त्यांनी आधी पुजाला बघितलं, मग उशीला. पुढं होऊन नंदी ओढायला लागले. निघेना. दोन बैल आवरणारे हात ते. नंदी तिथंच सोडून त्यांनी पुजाला उचललं आणि लग्नघरापर्यंत खाली ठेवलं नाही. चालत गेले.

मला वाटलं, समजलं. त्यांना समजलंही असेल. पण संध्याकाळी मांडवात मी ऐकलं ते असं, की नंदीनं सगळं स्वतःवर घेतलं आणि घर वाचवलं. आत्याबाई सांगत होत्या, मामंजी मान हलवत होते. मी तिथं पत्रावळ्या मांडत होते. मी मोठ्यानं म्हणाले, "नंदीनं नाही. मी पोर पुढं दिली नाही म्हणून." मग कुणीतरी म्हणालं, "वाढा की वाढा, भात थंड होऊन राहिला."

गाडी विम्यातून दुरुस्त झाली. नवे फुगे बसले. या कागदावर मामंजींनी न वाचता सही केली. आणि मग एक दिवस ती दारात नव्हती. विकली, हे म्हणाले. बाबांना ती डोळ्यासमोर नको होती. मला हायसं वाटलं. मी त्या दिवशी शिरा केला. तो शिरा आठवला की मला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

कारण आठवड्यानं रणजीत भेटला, आणि खुशीत बोलून गेला. "वहिनी, गाडी बराबर खपली. गिऱ्हाइकाला दिवा दिसला की ते बिचकतं. म्या सीटखाली एक तार जोडून दिली. आता सीटला कायम माणूस बसल्यासारखं वाटतं. दिवा जन्मात लागायचा न्हाई."

"आणि बसलेलं लेकरू असलं तर?"

"तरी माणूसच वाटंल. तेच तर काम हाय, वहिनी."

"कुणी सांगितलं तुला जोडायला?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "शिवाभाऊनं."

घरी येऊन मी यांना विचारलं. पंखा चालू होता, हे वह्या तपासत होते. "आता गाडी आपली नाही ना," हे म्हणाले. "आपली पोरगी तर सुखरूप आहे."

मी आजवर यांच्यावर बऱ्याचदा चिडले आहे. गॅसवरून, पगारावरून, आईवरून. ते चिडणं म्हणजे काहीच नव्हतं हे मला त्या वाक्यानं कळलं. आपलं लेकरू उचलून बाजूला घ्यायचं, आणि त्या जागी दुसऱ्याचं ठेवून, वर धोक्याचा दिवाही काढून टाकायचा. हा माणूस शिक्षक आहे. रोज साठ लेकरांची हजेरी घेतो.

गाडी घेतली होती सेनगाव तालुक्यात साखऱ्याजवळच्या तांड्यावरच्या फुलसिंग राठोडांनी. मी एस.टी.नं गेले, पुजाला कडेवर घेऊन. गाडी दारातच उभी होती, धुऊन पुसून. आणि पुढच्या सीटवर एक पोरगं उभं राहून हॉर्न वाजवत होतं. पुजाएवढंच. फुलसिंगभाऊंचा नातू, सेवा.

भिकाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला पाणी दिलं, चहा दिला, पुजाच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. मी सगळं सांगितलं. फुगा, तार, नंदी, हळद. चित्रही काढलं. त्यांनी नीट ऐकलं. मग भिकाबाई मायेनं म्हणाल्या, "इकल्यावर जीव जळतो बाई. आमीबी बैल इकले की आठ दिस जेवत न्हाई."

"जीव गाडीत नाही माझा, मावशी. पोरात आहे."

फुलसिंगभाऊ उठले. मला गाडीपाशी नेलं, किल्ली फिरवली, सेवाला सीटवर नीट बसवलं. "बघा ताई. हाय का कुठं दिवा? सटवाजीरावानं सांगितलं तशीच हाय गाडी. एक तक्रार न्हाई."

दिवा नव्हता. समोर सगळं काळं, शांत, गुळगुळीत होतं. खराब गाडी दाखवता येते. बरी दिसणारी कशी दाखवायची?

"तार काढून घ्या," मी म्हणाले. "नांदेडला न्या. आता तुम्ही मालक आहात, तुमची सही चालते. आणि तोवर सेवा मागं. मांडीवर सुद्धा नको."

"बसवतो ना ताई, मागं बसवतो," फुलसिंगभाऊ म्हणाले. भला माणूस आहे. एस.टी. थांब्यापर्यंत सोडायला आले, त्याच गाडीतून. मी पुजाला घेऊन मागं बसले. सेवा आजोबांजवळ पुढं बसला, दोन मिनिटांचाच तर रस्ता आहे, म्हणाले.

त्याला महिना झाला. मी फोन करते. कधी लागत नाही, लागला तर भिकाबाई म्हणतात, व्हय व्हय, मागंच बसतो. फोनवर त्यांच्या मागून गाडीचा हॉर्न ऐकू येत असतो. घरात मी हा विषय काढला की सगळ्यांना कामं आठवतात. पुन्हा साखऱ्याला जाते म्हटलं तर मामंजी म्हणतात, लोकाच्या दारात जाऊन आपल्या वस्तूची बदनामी करती का.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कुणी सेनगावकडं जाणार असेल, साखऱ्याच्या बाजारात, रस्त्यात, पंपावर, कुठंही ती लांबलचक चंदेरी गाडी दिसली, आत मरून मखमल आणि सोनेरी गोंडे, तर थांबवा. नुसतं काचेतून बघू नका, आता काळी फिल्म लावलीय म्हणे. काच खाली घ्यायला लावा. सेवा कुठं बसलाय तेवढं बघा. मागं असला तर त्याला एक गोळी द्या आणि मला कळवा. पुढं असला तर कुणाला विचारत बसू नका, उचला आणि मागं ठेवा. रडेल तो. आजोबा चिडतील. माझं नाव सांगा.